मदत हवी आहे: पोटामुळे कंबर दुखते का? ऑस्टिओपॅथचा (हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणाऱ्यांचा) अनुभव कुणाला?

मंडळी, मी लंडनला असते, वय ४१. उजव्या बाजूची कंबर बरेच महिने दुखतेय आणि बद्धकोष्ठ झालं की हमखास वाढते, पाळीशी मात्र काही संबंध दिसत नाही. जीपीकडे (इथले फॅमिली डॉक्टर) जाऊन आले, रक्त-लघवी नॉर्मल, सोनोग्राफीत किडनी, पित्ताशय, गर्भाशय सगळं ठीक, एमआरआयमध्ये किरकोळ डिस्क बल्ज (मणक्यातली चकती किंचित बाहेर आलेली). फिजिओचे व्यायाम रोज करते, थोडा फरक आहे पण दुखणं जात नाही. पायाला मुंग्या, ताप, वजन घटणं, लघवीचा त्रास यातलं काही नाही. सिझेरियन झालंय.

आता ऑस्टिओपॅथ म्हणतात आतड्याला धरून ठेवणारे पडदे आणि सिझेरियनचा व्रण कंबरेला ओढतायत, पोटावर हाताने हलकं दाबून ते मोकळं करू. जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे त्यांची नोंदणी आहे, ते मी तपासलं. किडनी स्टोन किंवा स्वादुपिंडाचं दुखणं पाठीत जाणवतं हे माहितीये, कारण या अवयवांच्या आणि पाठीच्या नसा मणक्यात एकाच ठिकाणी येतात, पण म्हणून पोट दाबून कंबर बरी होते हे मला अजून पटत नाहीये. इथल्या नाइसच्या (उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी सरकारी संस्था) गाइडलाइनमध्येही हाताचे उपचार व्यायामासोबतच करा असं आहे, आणि ते मणक्याबद्दल, पोटाबद्दल नाही.

पेनकिलर नकोयत, अ‍ॅसिडिटी होते. तर पोटावरचे हे उपचार कुणी घेतलेत का, फरक टिकला का, आणि त्याआधी जीपीकडून गॅस्ट्रोचा (पोटविकारतज्ज्ञ) रेफरल मागू की गायनॅकचा?