विषय: सेरो गोर्डो विकत घेणारा माणूस

'पैसा असला की उजाड गावही उभं करता येतं' असं या गावाबद्दलच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. ब्रेंट अंडरवूडने २०१८ च्या जुलैत साथीदारांसह कॅलिफोर्नियातलं सेरो गोर्डो हे उजाड खाणगाव चौदा लाख डॉलरला घेतलं. मुंबईत एवढ्यात धड दोन फ्लॅट येतील की नाही, शंकाच आहे. पण विकत घेणं हा सोपा भाग होता. गाव आठ हजार फुटांच्या वर, खालच्या कीलर गावापासून कच्चा घाटरस्ता, आणि पाण्याची बोंब. पाण्याची रड तर खाण जोरात होती तेव्हापासूनची. त्यात २०२० च्या जूनमध्ये १८७१ चं अमेरिकन हॉटेल जळून खाक झालं. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून गेला असता. हा तिथेच राहिला आणि हॉटेल पुन्हा बांधायला घेतलं. आता नवं बांधलेलं ते 'जुनं' हॉटेल म्हणायचं का, यावर वाद घालायला मी तयार आहे.

मला मात्र खालच्या ओवेन्स सरोवराची गोष्ट जास्त लागते. इथली चांदी-शिशाची लगड एकेकाळी आगबोटीने त्या सरोवरातून जायची आणि पुढे खेचरांच्या गाड्यांवरून लॉस एंजेलिसला. त्याच शहराने १९१३ मध्ये कालवा काढून पाणी पळवलं. सरोवर आटलं, धूळ उरली. गाव दुरुस्त होईल हो, सरोवराचं काय?