मदत हवी आहे: लिनक्स मिंट टाकले, पण पेन ड्राइव्ह काढला की डेस्कटॉप चालू होत नाही

सिडकोकर
डेस्कटॉप २००९ च्या आसपासचा आहे. कोअर २ ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर३ रॅम, ३२० जीबीची साटा हार्डडिस्क. यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) नाही, जुने बायोसच. आधी विंडोज एक्सपी होते.

रुफसने (इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवणारे साधन) १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट २२.१ एक्सएफसीई (मिंटची हलकी आवृत्ती) घेतले. डी ड्राइव्हमध्ये हिशेबाच्या फायली असल्यामुळे इन्स्टॉल करताना ‘समथिंग एल्स’ निवडून फक्त सी फॉरमॅट केला. इन्स्टॉल कुठेही न अडता पूर्ण झाले.

आता पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर थेट हार्डडिस्कवरचे मिंट उघडते, इन्स्टॉलर येतच नाही. काढला की काळ्या पडद्यावर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम’. शिवाय रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की सकाळी ‘सीमॉस चेकसम एरर’ येते आणि बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २००९ दिसते. दुकानदार म्हणतो हार्डडिस्क गेली. नवी घ्यावी का? नाशिकमध्येच आहे, सुचवलेले सामान आणू शकतो.

पंचवटीकर
हार्डडिस्कला इतक्यात हात लावू नका. लक्षणे दोन वेगळ्या दुखण्यांची आहेत.

पहिले दुखणे ग्रबचे, म्हणजे संगणक चालू होताना लिनक्स उघडून देणाऱ्या बूट लोडरचे. ‘समथिंग एल्स’च्या पडद्यावर खाली ‘डिव्हाइस फॉर बूट लोडर इन्स्टॉलेशन’ अशी पट्टी असते. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे देते. तिथे बहुतेक एसडीए तसेच राहिले, आणि त्या वेळी एसडीए म्हणजे तुमचा पेन ड्राइव्ह होता. म्हणून ग्रबचा पहिला तुकडा पेन ड्राइव्हवर गेला आणि मिंट हार्डडिस्कवर. इन्स्टॉलर दिसत नाही तोही त्यामुळेच, पेन ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरवर आता ग्रब बसला आहे. हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरवर मात्र एक्सपीचाच कोड आहे. तो सी मध्ये विंडोज शोधतो, सापडत नाही, आणि तो संदेश देतो.

पेन ड्राइव्ह लावून मिंट चालू होते आहे, त्यामुळे लाइव्ह डिस्कची खटपट नको. टर्मिनल उघडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे उच्चार लिहितो.

आधी एलएसबीएलके, म्हणजे जोडलेल्या डिस्कची यादी. ३२० जीबीची डिस्क तिथे २९८.१जी दिसेल, पेन ड्राइव्ह साधारण १४–१५जी. नावावर भरवसा ठेवू नका, एसडीए-एसडीबी पुढच्या खेपेला अदलाबदल होऊ शकतात. प्रत्येक वेळी आकार बघा. मग: सुडो ग्रब-इन्स्टॉल, जागा सोडून स्लॅश डेव्ह स्लॅश आणि मोठ्या डिस्कचे नाव.

सिडकोकर
एलएसबीएलकेमध्ये एसडीए १४.५जी आणि एसडीबी २९८.१जी आहे. शेवटी एसडीबी१ लिहिले, कारण मिंट त्याच पार्टिशनमध्ये आहे. उत्तर आले: ‘एम्बेडिंग इज नॉट पॉसिबल’, आणि शेवटी ‘विल नॉट प्रोसीड विथ ब्लॉकलिस्ट्स’.

पंचवटीकर
तो १ नको. ग्रब पार्टिशनमध्ये नाही, अख्ख्या डिस्कच्या सुरुवातीला बसतो. नुसते एसडीबी. कुठे तरी ‘फोर्स’ लिहा असा सल्ला वाचलात तर तो ऐकू नका.

गंगापूर रोड
इथे एक खाच आहे. एक्सपीने पाडलेले पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते. म्हणजे ग्रबला मधे ६२ सेक्टर, जेमतेम ३१ केबी जागा. आताची साधने २०४८ पासून सुरू करतात, १ एमबी मोकळी सोडतात. सुडो एफडिस्क डॅश एल करून ‘स्टार्ट’खालचा आकडा पाहा. ६३ असेल तर ग्रब कधी मावतो, कधी ‘एम्बेडिंग एरिया इज अनयूजुअली स्मॉल’ म्हणून अडतो. अडला तर डी मधल्या फायली बाहेर कॉपी करून मिंटचे पार्टिशन पुसा, २०४८ पासून नवे करा आणि पुन्हा इन्स्टॉल करा. त्यासाठी पेन ड्राइव्ह रुफसने परत बनवावा लागेल. तिथे पार्टिशन स्कीम (डिस्कच्या विभागणीची पद्धत) एमबीआर ठेवा, जीपीटी नको.

दुसरे दुखणे सेलचे, वीज बंद असताना तारीख आणि बायोसची सेटिंग त्याच्यावरच टिकते. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर २०३२, ३ व्होल्टचा. एमजी रोडपर्यंत जायचीही गरज नाही, घड्याळवाल्याकडे मिळतो. पॉवर केबल काढा, चालू करायचे बटण पाच सेकंद दाबून धरा, बाजूची क्लिप ढकलली की सेल उडून वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. मग बायोसमध्ये तारीख घाला, बूट क्रमात हार्डडिस्क पहिली, आणि सेव्ह करून बाहेर. साटा मोड आयडीईवर असो की एएचसीआयवर, मिंटला फरक पडत नाही.

सिडकोकर
स्टार्ट ६३ च होते, पण ग्रब मावला! ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड’. पेन ड्राइव्ह काढून सुरू केले, मिंट आले. जुना सेल मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट. नवा टाकल्यावर तारीख टिकते आहे. मात्र ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की सगळे गोठते.

पंचवटीकर
एक काम राहिले: सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी. मधल्या प्रश्नांना एंटर, डिस्कच्या यादीत हार्डडिस्कवर स्पेस दाबून तारा आणा, पेन ड्राइव्हवरचा असेल तर काढा. नाही तर ग्रबचे अपडेट आले की ते पेन ड्राइव्ह शोधत बसते.

दुकानदाराच्या शंकेसाठी ‘डिस्क्स’ ॲप उघडून स्मार्ट डेटा (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रिअलोकेटेड सेक्टर’ शून्य असतील तर डिस्क चालू द्या. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर आधी हिशेबाच्या फायली बाहेर काढा.

गंगापूर रोड
गोठणे रॅमचे आहे, २ जीबीत हल्लीचे ब्राउझर मावत नाहीत. पण ४ जीबीची पट्टी डोळे झाकून उचलू नका. जी४१ ला दाट, म्हणजे एकेकीत जास्त मेमरी असलेल्या चिप्स चालत नाहीत. दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा १६ चिप्स असलेली डीडीआर३ १.५ व्होल्टची पट्टी मागा. एकाच बाजूला आठ चिप्सवाली लावलीत तर पडदाच उघडणार नाही आणि दोष बोर्डाला जाईल. वापरलेली पट्टी घेताना काउंटरवरच उलटून मोजा.