अंगणवाडीतच पोरांची आरोग्य विम्याची नोंद का होऊ नये?

पन्हाळ्याची पायरी (धागाकर्ता)
सहा महिने ते सहा वर्षांचं पोर अंगणवाडीच्या यादीत असतं. आईचा आधार, मोबाईल, पोराची जन्मतारीख, दर महिन्याचं वजन-उंची, सगळं पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपमध्ये, भरलेलं. तरी त्याच पोराचं आयुष्मान कार्ड काढायला बापानं शिरोली एमआयडीसीतला खाडा करून सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहायचं, परत तेच कागद घेऊन. टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं वाटायच्या दिवशीच अंगणवाडीत हे काम का उरकू नये? अमेरिकेत २००९ च्या कायद्यानं राज्यांना मुभा मिळाली: एका योजनेनं उत्पन्न तपासलं असेल तर मुलांच्या विम्यासाठी तेच ग्राह्य धरायचं. लुइझियाना राज्यानं २०१० मध्ये फूड स्टॅम्पच्या (गरिबांना धान्य-किराण्यासाठीच्या सरकारी मदतीच्या) यादीवरून दहा हजारांवर मुलं थेट मेडिकेडमध्ये, म्हणजे तिकडच्या गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यात, घेतली.

केशरी कार्ड
तुलनाच चुकली. अंगणवाडी कुणाचं उत्पन्न विचारत नाही, ती सगळ्यांना खुली. फूड स्टॅम्पचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे रेशन कार्ड, आणि राज्याची महात्मा फुले मोफत उपचार योजना त्यावरच चालते. तिथं आधी नोंदणी नाही, हप्ता नाही. योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, रेशन कार्ड आणि ओळखपत्र दाखवायचं. पिवळं, केशरी आणि आता पांढरंसुद्धा चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत.

घोडं अडतं ते पोराचं नाव त्या कार्डावर नसल्यानं. का नसतं तेही सांगतो. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी राहिलेली असते, नुसतं आईचं नि बापाचं नाव. बाळाचं नाव १२ महिन्यांत फुकट चढतं, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नाव नाही म्हणून बाल आधार नाही, आधार नाही म्हणून रेशन कार्डाचं काम बघणारा तहसीलचा पुरवठा विभाग अर्ज परत करतो. त्यात आईचंच नाव अजून माहेरच्या कार्डावर. आधी तिकडून कमी, मग इकडं वाढ. ही साखळी सोडवायची सोडून अंगणवाडीत लॅपटॉप मांडून काय होणार?

गगनबावडा घाट
आणि तो लॅपटॉप चालवणार कोण? सेविकाच ना? वजन, लसीकरणाच्या दिवसाची धावपळ, मतदारयादीचं बीएलओचं काम आणि आता टीएचआर देताना लाभार्थीचा चेहरा जुळवणं. रेंज नसलेल्या वाडीत तो चेहरा जुळेपर्यंत बाई पोराला काखेत घेऊन दारात ताटकळते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, ते उगाच नव्हे. आणि पाच वर्षांखालच्या पोराचे ठसे आधारमध्ये घेतलेलेच नसतात. मग ओटीपी. तो जातो बापाच्या नंबरवर, आणि बाप इचलकरंजीत रात्रपाळीला. नावाचं स्पेलिंग रेशनवर एक, आधारवर दुसरं असलं की कार्ड मंजुरीसाठी लटकतं ते वेगळंच.

पन्हाळ्याची पायरी
ठसे आणि ओटीपी मान्य. पण केशरी कार्ड, तुमची साखळी माझ्याच बाजूनं बोलते की. जन्मदाखल्यावर नाव नाही हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? अंगणवाडीत पोराचं नाव चढवताना सेविकेला. तिनं कार्ड काढू नये, मी मागे घेतो. तिनं फक्त तीन खुणा कराव्यात: दाखल्यावर नाव आहे का, बाल आधार आहे का, रेशन कार्डावर पोराचं नाव (युनिट) चढलंय का. ती यादी दर महिन्याला पर्यवेक्षिकेमार्फत ग्रामसेवक आणि पुरवठा निरीक्षकाकडं जावी. जन्म गावातच नोंदलेला असेल तर दाखला ग्रामसेवकाच्याच हातात असतो, गावातलं काम गावात होतं.

दवाखाना बाजू
मधेच एक खडा टाकतो. विमा भरतीच्या उपचारांना, तेही यादीतल्याच. खोकला-जुलाबाच्या ओपीडीला त्याचा उपयोग नाही. दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली गेलेल्या पोराला पोषण पुनर्वसन केंद्रात कार्डाशिवायच घेतात, उपचार फुकट. कार्ड लागतं हृदयाला छिद्र, भाजणं, नवजाताचा अतिदक्षता विभाग, अशा ठिकाणी. छिद्राचा संशय आरबीएसकेचं (मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी) पथक अंगणवाडीतच पकडतं, वर्षातून दोनदा येतं ते. मग ही तीन खुणांची यादी त्या पथकाच्या तारखेआधी महिनाभर तयार पाहिजे. छिद्र सापडल्यावर कागद जमवायला पळायचं, हे उलटं झालं. अगदी तान्ह्या बाळासाठी मात्र जन्मदाखला, आईबापाचं रेशन कार्ड आणि पालकासोबतचा बाळाचा फोटो यावर काम होतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून उसनवारी करून पैसे भरतात.

केशरी कार्ड
यादीपुरतं जमेल. पण संमतीचं काय? अंगणवाडीची माहिती पुरवठा खात्याकडं जाणार, आईला विचारणार का नाही? तुमच्याच लुइझियानात आधी मेडिकेडचं कार्ड वापरलं की संमती धरायचे. २०११ पासून अर्जावर चौकोनात खूण करायला लावली, तर नोंदणी एकदम आपटली.

पन्हाळ्याची पायरी
म्हणूनच चौकोन नको. वजनाच्या दिवशी आई समोरच असते, सेविकेनं तोंडानं विचारावं आणि रजिस्टरवर सही घ्यावी.

गगनबावडा घाट
म्हणजे अजून एक रजिस्टर. आधी त्यातलं एक कमी करा, मग बोलू. आणि ऊसतोडीच्या फडावरची पोरं? त्यांचं रेशन कार्ड बीडचं, वजन इथल्या अंगणवाडीत. तुमची यादी कुठल्या पुरवठा निरीक्षकाकडं जाणार?