महाबळेश्वरात गव्याचे मोठे शिल्प : काळा दगड, ब्राँझ की फायबर?

डोंगरमाथा : नमस्कार. आमच्या वसाहतीच्या वाटेवरील मोकळ्या जागेत रानगव्याचे शिल्प, खऱ्या जनावराच्या दुप्पट आकाराचे, उभारावे असा आम्हा रहिवाशांचा विचार आहे. फायबरच्या गव्याचे दरपत्रक आले आहे आणि ते आवाक्यातही आहे. परंतु पूर्वी आम्ही बागेत बसवलेल्या फायबरच्या हरणाचा रंग चार पावसाळ्यांत उडाला, पायाला तडा गेला आणि आतली गंजलेली सळई दिसू लागली. ते हरीण उचलून नेले त्या दिवशी वसाहतीतली मुले फार हिरमुसली होती. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलून दोन पिढ्या टिकेल, असे माध्यम जाणकारांनी सुचवावे.

टाकीचे घाव : आमचे घर पाथरवटांचे, म्हणून सविस्तर लिहितो. फायबरचा वरचा थर उन्हाने भुरभुरीत होतो, बारीक भेगांतून पाणी आतल्या लोखंडापर्यंत पोहोचते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने शिल्प आतूनच फुटते. सळईवर सिमेंट-काँक्रीटचा पुरेसा जाड थर नसेल, तर काँक्रीटच्या शिल्पाचेही तेच होते. ब्राँझ उत्तम, मात्र ओतीव भाग आतून पोकळ असतात, म्हणून खाली पाण्याला वाट ठेवावीच लागते. खर्चही मोठा असतो.

काळा दगड या पावसाला पुरून उरेल, पण आकाराचा हिशेब आधी करावा. पूर्ण वाढलेला नर साधारण एक टनाचा, म्हणजे सुमारे एक घनमीटर आकारमानाचा असतो. लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली की आकारमान आठपट होते आणि एका घनमीटर बेसॉल्टचे, म्हणजे याच काळ्या दगडाचे, वजन २.९ टनांच्या आसपास असल्याने आपला गवा तेवीस टनांवर जातो. एवढी निर्दोष शिळा मिळाली, तरी ती पसरणी घाटाच्या वळणांवरून वर आणायची आहे. शिवाय दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. चार बारीक पायांवर एवढे धड तोलणे धोक्याचे आहे. आपल्याकडचे दगडी नंदी बसलेले असतात, त्यात पूजेचा भाव आहे तसाच दगडाचा स्वभावही आहे. वाईच्या काशीविश्वेश्वरासमोरचा नंदी एकदा या नजरेने पाहावा. माझे मत स्पष्ट आहे : गवा खऱ्या मापाचा आणि बसलेला घडवावा. रवंथ करणारा गवा डोंगराइतकाच भारदस्त दिसतो.

कोयनाकाठ : वरील मताशी मी सहमत आहे. एक विनंती अशी की, कारागिराला छायाचित्रे सर्व बाजूंनी द्यावीत. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत स्नायूंचा उंच कणा असतो आणि तो तिथे एकदम संपतो. हा उतार चुकला की गव्याचा रेडा होतो, आणि अशी शिल्पे मी पाहिली आहेत. गुडघ्याखालचे पांढरे पाय हीदेखील त्याची ओळख आहे. ते रंगवू नयेत, पहिल्याच पावसाळ्यात रंग पोपडे धरील. त्याऐवजी पायांवर टाकीचे खडबडीत काम ठेवावे आणि धड घोटून गुळगुळीत करावे. घोटलेला काळा दगड गडद दिसतो आणि टाकीने खडबडीत ठेवलेला फिका, त्यामुळे दगडातच दोन रंग मिळतात.

डोंगरमाथा : आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. बसलेल्या गव्याची कल्पना वसाहतीतील ज्येष्ठांनाही पटली. जोते जांभ्याचे चालेल का? तो येथे सहज मिळतो.

टाकीचे घाव : जोत्याचा दर्शनी भाग जांभ्याचा जरूर करावा. मात्र जांभा सच्छिद्र असल्याने शिल्पाचा भार आतल्या काळ्या दगडाच्या भरावावर घ्यावा आणि माथ्याला चहूकडे उतार द्यावा, म्हणजे गव्याच्या पोटाखाली पाणी साचणार नाही. हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे; पाया खणण्याआधी परवानगीची चौकशी करावी. शिळा निवडायला जाल तेव्हा मला कळवावे, मी सोबत येईन.