आधी साइट गूगलच्या वहीत आहे का ते बघा

वर दोघातिघांनी बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आपल्या साइटकडे येणारे दुवे) वाढवायचा सल्ला दिलाय, पण तुमची होमस्टेची साइट गूगलवर नावानं शोधूनही दिसत नाही म्हणता. मग हा शोधनिकालातल्या क्रमांकाचा प्रश्नच नाही, साइट बहुधा इंडेक्समध्येच, म्हणजे गूगलच्या पानांच्या नोंदवहीतच, नाहीये. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) मुखपृष्ठाचा पत्ता टाकून तपासा, कारण तिथेच कळेल.

माझ्या मावसभावाच्या साइटचं असंच झालं होतं. वर्डप्रेसच्या (साइट बनवायच्या प्रणालीच्या) सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना मज्जाव करणारी एक चौकट असते. साइट बनवणाऱ्यानं काम चालू असताना तिथे टिक केली आणि काढायची विसरला. चार महिने आम्ही कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, बदलत बसलो! (कीवर्ड्स मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी, क्रमवारीसाठी वापरत नाही हे गूगलनं 2009 मध्येच जाहीर केलंय. तो नाद सोडा.)

दुसरी शंका जरा आपल्याकडची. मजकूर छपाईसाठी केलेल्या जुन्या डीटीपी फाइलमधून उचललाय का? श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंच्या जुन्या फॉन्टांत अक्षरं मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं नि चिन्हं. शोधयंत्राला ती निव्वळ गिचमिड. पानावरचा एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवा. मराठीच उमटला तर युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची प्रमाण संकेतप्रणाली) आहे, नाहीतर सगळं रूपांतरित करावं लागेल. दरपत्रक नुसतं फोटोत असेल तर तेही टाइप करा.

रोबोट्स फाइलमध्ये (साइटवरची robots.txt, शोधयंत्रांनी कुठे फिरायचं नि कुठे नाही ते सांगणारी) काय लिहिलंय ते इथे डकवाल का? मग पुढचं बोलू.