विषय: ९ एप्रिलची बेसबॉल सहल, टाळेबंदी आणि कॅब्रेराचे १३ हिट

प्रेषक: सहल समिती
२ मार्च २०२२

नमस्कार मंडळी,

कालची बातमी सगळ्यांनी वाचली असेलच. मेजर लीग बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी सीझनच्या पहिल्या दोन मालिका रद्द केल्या. संघमालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यातल्या नव्या करारासाठी फ्लोरिडात ज्युपिटरला नऊ दिवस रोज बैठका चालल्या होत्या, पण त्यांतून तोडगा निघाला नाही.

मंडळाची डेट्रॉइट टायगर्सच्या कोमेरिका पार्क मैदानाची सहल शनिवारी, ९ एप्रिलला आहे. टायगर्सचे रद्द झालेले सामने बाहेरगावचे होते, त्यामुळे आपला सामना आजच्या घडीला तरी वेळापत्रकात आहे. काही कुटुंबांनी पैसे परत मागितले आहेत. पुढच्या आठवड्यात बसचा ॲडव्हान्स भरायचा आहे, त्याआधी सगळ्यांचं मत हवं. कृपया फोन न करता यादीवरच लिहा, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल.


प्रेषक: ट्रॉयहून एक सभासद
२ मार्च २०२२

माझं मत सरळ आहे. सहल रद्द करा, पैसे परत द्या आणि यंदा मंडळातर्फे बेसबॉलवर एक डॉलरही खर्च करू नका.

माझ्या मुलाने त्याच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावलाय. वर मोठ्या अक्षरांत २,९८७ हा आकडा लिहिलाय आणि खाली तेरा रिकामे चौकोन आखलेत. टायगर्सच्या मिगेल कॅब्रेराने एकेक हिट मारला (म्हणजे फटका मारून बेसवर सुखरूप पोचला) की एकेक चौकोन रंगवायचा, तेरा झाले की तीन हजार. गेल्या ऑगस्टमध्ये टोरोंटोला त्याने ५००वा होम रन (आपल्या षटकारासारखा) मारला तेव्हा पोराने घर डोक्यावर घेतलं होतं. तीन हजार हिट आणि पाचशे होम रन ही दोन्ही शिखरं गाठणारे आजवर फक्त सहा जण आहेत. सातवा आपल्या गावात खेळतोय. त्याला एप्रिलमध्ये ३९ वर्षं पूर्ण होतील, गुडघे बोलायला लागलेत. त्याच्याकडे वाया घालवायला वेळ आहे का?

आणि हे सगळं कशासाठी? एकीकडे अब्जाधीश, दुसरीकडे कोट्यधीश. २०१९ साली या धंद्यात दहा अब्ज डॉलरहून जास्त पैसा आला. तो यांना आपसांत वाटून घेता येत नाही? मालकांनी हटून बसायचं, खेळाडूंनी संप करायचा आणि आपण पार्किंगपासून हॉटडॉगपर्यंत सगळ्यांची भर करायची. दोघांचीही मला सारखीच चीड आली आहे. सामने सुरू झाले तरी मी जाणार नाही आणि मंडळानेही जाऊ नये.


प्रेषक: कँटनचे काका
५ मार्च २०२२

तुझ्या मुलाच्या कागदाबद्दल वाचलं. काकूलाही वाचून दाखवलं. तुझा राग रास्तच आहे, मीही डिसेंबरपासून धुमसतोय. पण ‘दोघांचीही सारखीच’ हे मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेळाडूंनी संप केलेला नाही. जुना करार १ डिसेंबरच्या रात्री संपला आणि लगेच मालकांनी एकमताने टाळं ठोकलं. करार संपला म्हणून खेळ बंद पडलाच पाहिजे असा काही नियम नाही. जुन्याच अटींवर खेळ चालू ठेवून बोलणी करता आली असती. टाळेबंदीने बोलण्यांना वेग येईल, असं मॅनफ्रेड यांनी चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं. मग वेग कुठे गेला? मालकांनी पुढचा प्रस्ताव द्यायला ४३ दिवस घेतले. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं आणि तिळगुळाच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, त्यांना बोलायला सवड झाली. सीझन बुडवण्याची एवढी धास्ती असती तर ते ४३ दिवस कुणी रिकामे घालवले असते का? मला सगळ्यात जास्त चीड त्याच दिवसांची आहे.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. कामगार बाहेर पडणं वेगळं आणि मालकाने गेट बंद करणं वेगळं, हे आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही कळायचं. खेळाडू म्हणजे गिरणी कामगार नव्हेत, तेवढं मला समजतं. पण गेट कुणी लावलं हे तरी नीट सांगायला हवं ना?

आता कोट्यधीशांबद्दल. कॅब्रेराचा पगार बघून आपण सगळ्या खेळाडूंचा हिशेब करतो. मेजर लीगमध्ये किमान पगार गेल्या वर्षी ५,७०,५०० डॉलर होता. आपल्या दृष्टीने तोही भरपूर, कबूल. पण पहिली तीन वर्षं क्लब देईल तो आकडा घ्यायचा, पुढची तीन वर्षं लवादापुढे भांडायचं आणि सहा वर्षं भरली तरच दुसरीकडे जायची मोकळीक. बहुतेकांची कारकीर्द तोवर टिकतच नाही. जे टिकतात ते तिशीला आलेले असतात, आणि हल्ली क्लबांना तिशीतला खेळाडू महाग वाटतो. म्हणजे तरुण असताना स्वस्त म्हणून वापरायचा आणि पैसे द्यायची वेळ आली की म्हातारा म्हणायचं.

ही सहा वर्षं मोजतात कशी, तेही बघण्यासारखं आहे. सीझनमधले १७२ दिवस संघात असलात की एक वर्ष धरतात. २०१५ साली शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला सुरुवातीचे काही दिवस मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघात, ठेवलं आणि मग वर आणलं. त्याचे भरले १७१. एका दिवसाने त्याची मोकळीक वर्षभर लांबली. पुढे तो तक्रार घेऊन लवादाकडे गेला आणि २०२० मध्ये हरलासुद्धा, कारण नियमात ते बसत होतं. आत्ताचं भांडण अशा नियमांवरून आहे, फक्त आकड्यांवरून नाही. आणि जाता जाता सांगतो, क्लबाने खेळाडूंच्या पगारावर ज्यापुढे खर्च केला की दंड पडतो ती मर्यादा २२ कोटी डॉलरवर नेण्याला चार मालकांचा विरोध होता असं बातम्यांत आलंय. त्या चारांत आपल्या टायगर्सचे मालकही आहेत.

१९९४ सालीही मी इथेच होतो. तो मात्र खराखुरा संप होता. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडू १२ ऑगस्टला बाहेर पडले आणि १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, रद्द झाली. १९०४ नंतर पहिल्यांदा. मॉन्ट्रियलचा संघ ७४ विजय, ४० पराभव असा सगळ्यांच्या पुढे होता, फलंदाज टोनी ग्विन .३९४ च्या सरासरीवर होता, आणि सगळं तिथेच तुटलं. पुढच्या वसंतात मालकांनी बदली खेळाडू आणले, तेव्हा आपल्या टायगर्सचे मॅनेजर स्पार्की अँडरसन यांनी त्यांना शिकवायला साफ नकार दिला आणि बिनपगारी घरी बसले. मोटारींच्या या गावात तेव्हा त्यांचं केवढं कौतुक झालं होतं! शेवटी न्यायाधीश सोटोमायोर यांनी मालकांना मनाई केली आणि खेळ सुरू झाला. आज त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहेत.

मे १९९५ मध्ये जुन्या टायगर स्टेडियमवर घरचा पहिला सामना झाला, तेव्हा मी वरच्या मजल्यावर होतो. लोक इतके भडकलेले होते की मैदानात बाटल्या, चेंडू, हाताला लागेल ते फेकत होते. खेळ थांबवावा लागला. ते सगळं पडत होतं आउटफिल्डमधल्या खेळाडूंच्या आसपास. मालकांच्या काचबंद खोलीपर्यंत एकही बाटली पोचली नाही. आपल्या बहिष्काराचंही तसंच होईल, अशी मला भीती वाटते. मंडळाच्या एका बसने मालकाला काय फरक पडणार? फरक पडेल तो तिकीट तपासणाऱ्याला आणि बिअर विकणाऱ्याला.

म्हणून माझी सूचना: सहल ठेवा. ९ तारखेचा सामना रद्द झालाच तर तीच बस टोलेडोला न्या. तासाभराचा रस्ता आहे. मायनर लीगला टाळं नाही, टोलेडोच्या मड हेन्स संघाचा सीझन ठरल्याप्रमाणे ५ एप्रिलच्या आठवड्यात सुरू होतोय. टायगर्सचा तरुण खेळाडू टॉर्कलसन युनियनमध्ये नसल्यामुळे फ्लोरिडात लेकलंडला सराव करतोय, कदाचित तिथे तोच बघायला मिळेल.


प्रेषक: ॲन आर्बरहून, नवीन सभासद
६ मार्च २०२२

काका, टोलेडोला यायला मला आवडेल, पण तिथे सामने वेळेवर का होताहेत तेही या निमित्ताने लिहायला हवं. मायनर लीगच्या मुलांना युनियनच नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने कुणी बोलणी करत नाही. ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अगदी दाराशी, किमान पगार आठवड्याला ७०० डॉलर आहे, तोही गेल्या वर्षी वाढवला म्हणून. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सरावात, तर पगारच नसतो. टॉर्कलसनला सही करताना लाखो मिळाले, त्याची काळजी नाही. त्याच्या शेजारी सराव करणाऱ्या, खेळाडूंच्या निवडीच्या शेवटच्या फेरीतून आलेल्या मुलाची आहे. आपण तिथे जाऊन टाळ्या वाजवू, छान वाटेल, पण भाग्यवान ते नाहीत.

कॉलेजात असताना मी उन्हाळ्यात एका स्टेडियममध्ये खाण्याच्या स्टॉलवर काम केलंय. सामना असेल तर शिफ्ट, शिफ्ट असेल तर पैसे. माझ्यासाठी तो पॉकेटमनी होता. पण माझ्यासोबत नाचोजच्या खिडकीवर एक साठीच्या बाई होत्या. घरच्या सामन्यांचं वेळापत्रक आलं की त्या कॅलेंडरवर पेनने गोल करायच्या आणि त्या गोलांवरून कुठल्या महिन्यात भाडं आणि गाडीचा हप्ता दोन्ही जमेल ते ठरवायच्या. हिवाळाभर त्यांना त्यातलं काहीच मिळत नसे, त्यामुळे एप्रिलची वाट त्या आपल्यापेक्षा जास्त आतुरतेने बघायच्या. परवा खेळाडूंच्या युनियनने अशा लोकांसाठी दहा लाख डॉलरचा निधी काढला. चांगलं केलं. पण तीस संघांच्या हजारो लोकांत ते किती पुरणार?

माझं मत सहल ठेवण्याला आहे. डाउनटाउनलाच, शक्य असेल तर.


प्रेषक: ट्रॉयहून
९ मार्च २०२२, रात्री

काका, गेला आपलाही सामना. आणखी दोन मालिका वेळापत्रकातून काढल्या, १४ एप्रिलपर्यंत काहीच नाही. आता म्हणे परदेशी खेळाडूंच्या ड्राफ्टवर, म्हणजे संघांनी पाळीपाळीने त्यांना निवडण्यावर, अडलंय.

तुमची मेल मी नीट वाचली. गेट कुणी लावलं ते पटलं, तेवढ्यापुरतं माझं मत बदललंय. पण एक सांगा, यांच्या टेबलावर आपल्या वतीने कोण बसतं? मालकांचे वकील आहेत, खेळाडूंचे वकील आहेत. तिकीट काढणाऱ्याचं कोण? मुलगा मघाशी विचारत होता की मे महिन्यात तरी खेळतील का. मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं या गावात राहून जो खेळ आम्ही आपला म्हणून धरला, त्यात आपली किंमत एवढीच?


प्रेषक: सहल समिती
११ मार्च २०२२

मंडळी, काल दुपारी करार झाला. ९९ दिवसांनी टाळं निघालं. सगळे १६२ सामने होणार, रद्द केलेलेही पुढे भरून काढणार. टायगर्सचा घरचा पहिला सामना ८ एप्रिलला शिकागो व्हाइट सॉक्सशी आणि आपला ९ ला. सहल ठरल्याप्रमाणे होईल. बसचा ॲडव्हान्स आज भरत आहोत. ज्यांनी पैसे परत मागितले होते त्यांनी रविवारपर्यंत पक्कं कळवा, नंतर जागा दुसऱ्यांना देऊ.


प्रेषक: कँटनचे काका
११ मार्च २०२२

आनंद झाला, पण पूर्ण नाही. किमान पगार सात लाखांवर गेला, तरुण खेळाडूंसाठी दरवर्षी पाच कोटींचा वेगळा बोनस ठेवला, या गोष्टी चांगल्या झाल्या. तरी युनियनच्या कार्यकारी उपसमितीतल्या आठही जणांनी कराराविरुद्ध मत दिलं. बाकीच्यांच्या जोरावर तो २६-१२ ने मंजूर झाला. सहा वर्षांची अट आहे तिथेच आहे. म्हणजे भांडणाचं मूळ तसंच राहिलं, आणि हा करारही १ डिसेंबर २०२६ ला संपतोय.

तुझ्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. या ९९ दिवसांत तिकिटाच्या दराबद्दल किंवा टीव्हीवर सामने दिसण्याबद्दल एकाही बाजूचा प्रस्ताव माझ्या वाचनात आला नाही. प्रेक्षकांसाठी म्हणून जे झालं ते प्रेक्षकांना न विचारता झालं. क्रिकेटमध्येही काही वेगळं नाही. १९८९ साली अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळले म्हणून बोर्डाने वेंगसरकरसकट आपले नावाजलेले खेळाडू बंदी घालून बसवले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा ती बंदी उठली. तेव्हाही आपण फक्त पेपर वाचत होतो. आयुक्तांच्या कार्यालयाला मी पत्र लिहायला घेतलंय, त्या ४३ दिवसांबद्दल. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला वेगळी मेल करा. इंग्रजी मसुदा ॲन आर्बरच्या ताईंनी तपासून दिला तर बरं होईल.

सहलीला मी आणि काकू दोघं येतोय. ट्रॉयकर, तूही ये, मुलाला घेऊन. बस कँटनला थांबणार नसेल तर आम्ही नोवायला येऊन गाडी लावू. तिथे किती वाजता यायचं तेवढं समितीने कळवावं.