मदत हवी आहे: फणसाच्या फळ्या पाडताना चेनसॉ तापतो, कार्बोरेटर कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात खाडीच्या बाजूला असलेल्या आमच्या बागेत गेल्या पावसाळ्यात फणसाची दोन जुनी झाडे आणि एक ऐन उन्मळून पडला. झाडे उतारावर, वहाळाच्या पलीकडे आहेत आणि तिथवर ट्रॅक्टर पोहोचत नाही. त्यामुळे ओंडके वखारीत नेण्याऐवजी जागेवरच अलास्कन मिलच्या (ओंडक्यावरून सरकवत सारख्या जाडीच्या फळ्या कापता येणाऱ्या) चौकटीत चेनसॉ बसवून फळ्या पाडायचे ठरवले आहे. वनखात्याची परवानगी घेतलेली आहे. फणसाचे लाकूड पडवीच्या खांबांना आणि दारांना वापरायचे आहे. आजोबांनी लावलेल्या झाडांचे लाकूड असल्याने ते सरपणात जाऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

यंत्र सुमारे ९४ सीसीचे असून त्याला ३६ इंची बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) आणि ३/८ इंच पिचची, म्हणजे कड्यांमधील अंतराची, साखळी आहे. त्याचा सिलिंडर आणि पिस्टन मागील वर्षी कोल्हापूरला बदलून घेतला आणि कार्बोरेटरही (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) तिथेच जुळवला गेला. आडवे तुकडे करताना यंत्र उत्तम चालते. मात्र २० ते २२ इंच रुंदीचा फणस उभा चिरायला घेतला, की आठ फुटांच्या ओंडक्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत आवाज बारीक आणि चढा होत जातो, चौकट पुढे ढकलायला जोर लागू लागतो आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच मंद गतीवर न येता काही सेकंद रेंगाळून खाली येते. प्लग काढून पाहिला, तर त्याचे टोक तपकिरी असायच्या जागी पांढुरके दिसते. टॅकोमीटरवर (गतिमापकावर) विनाभार, म्हणजे लाकडाबाहेरची, गती मिनिटाला १२,८०० फेरे दाखवली जाते, तर पुस्तिकेत कमाल गती १२,५०० दिलेली आहे.

ही सगळी लक्षणे मिश्रण लीन असल्याची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याची आहेत, असा माझा समज आहे. त्यामागे तीन कारणे संभवतात. पहिले उंचीचे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेला जुळवलेले यंत्र अणुस्कुरा घाट उतरून किनाऱ्यावर आणले, की इथल्या दाट हवेला तेवढेच पेट्रोल थोडे अपुरे पडते. दुसरे इथेनॉलचे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरते; म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू त्याच जागी ठेवून आताचे पंपावरचे पेट्रोल भरले, तर मिश्रण आपोआप लीन होते. तिसरे कारण म्हणजे कुठून तरी होणारी हवेची गळती, आणि मला धास्ती त्याचीच आहे, कारण या कामात इंजिन मिनिटामागून मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर राहते आणि आडव्या कापाप्रमाणे दर काही सेकंदांनी त्याला उसंत मिळत नाही.

म्हणून एच स्क्रूला (चढ्या गतीला किती पेट्रोल मिळावे हे ठरवणाऱ्या स्क्रूला) हात लावण्यापूर्वी जाणकारांना विचारावेसे वाटले. फळ्या पाडण्यासाठी विनाभार गती किती ठेवावी? गळती आहे की केवळ जुळवणी चुकली आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण (पेट्रोल:तेल) ५०:१ वरून ४०:१ करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

सर्वप्रथम यंत्र चालवणे थांबवा. सायलेन्सर काढा आणि विजेरीच्या उजेडात निकासद्वारातून पिस्टन पाहा. लीन मिश्रणाने होणारी इजा बहुधा याच बाजूला आधी दिसते. उभे ओरखडे दिसले, तर पुढची सगळी चर्चा नंतर करता येईल. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर आपण वेळेवर विचारले असे समजा.

आपण दिलेल्या कारणांपैकी उंची आणि इथेनॉल ही दोन्ही खरी आहेत, पण त्यांनी थ्रॉटल सोडल्यावर गती रेंगाळण्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. ते लक्षण प्रामुख्याने गळतीचे असते, आणि सिलिंडर नुकताच बदललेला असल्यामुळे त्याच्या तळाचे गॅस्केट, कार्बोरेटर व सिलिंडर यांना जोडणारे रबरी नळकांडे आणि क्रँकच्या दोन्ही बाजूंची सील ही संशयाची ठिकाणे ठरतात. इंजिन गरम करून मंद गतीवर ठेवा आणि यंत्र सर्व बाजूंनी कलते करून पाहा. गती बदलत असेल तर शंका वाढते. त्यानंतर यंत्र मोकळ्या हवेत ठेवून या जोडांवर कार्बोरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारा, परंतु तप्त सायलेन्सरपासून तो दूर ठेवा. फवाऱ्यासरशी गती बदलली, तर गळती तिथेच आहे. खात्रीची तपासणी मात्र दाबाचीच. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट बंद करून सुमारे ०.५ बार दाब भरावा आणि नंतर तेवढीच निर्वात स्थिती निर्माण करून काटा स्थिर राहतो का ते पाहावे. निर्वात चाचणी टाळू नये, कारण क्रँकचे सील कधी कधी आतून दिलेला दाब धरून ठेवते आणि हवा आत ओढली जात असतानाच गळते. गळती तशीच ठेवून एच स्क्रूने मिश्रण रिच करणे (पेट्रोल वाढवणे) म्हणजे ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून औषध न देणे.

गळती नाही अशी खात्री झाली, की जुळवणी सोपी आहे. फिल्टर स्वच्छ, साखळी धारदार आणि इंजिन लाकडात चालवून गरम झालेले असावे. एच स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एका वेळी १/८ फेरा फिरवा, दोन-तीन सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन टॅकोमीटर पाहा. स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असेल, तर तिच्यामुळे तो फारसा फिरत नाही, हे ध्यानात ठेवा. आडव्या कामासाठी १२,५०० ठीक असले, तरी फळ्या पाडताना मी ११,५०० ते ११,८०० च्या पुढे जाऊ देत नाही. विनाभार चालवताना आवाज फुटका, गुरगुरता यावा आणि दात लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा. लाकडातही गुरगुर राहिली, तर मिश्रण गरजेपेक्षा रिच झाले आहे. गती मर्यादित करणारी कॉइल असेल, तर मर्यादेला पोहोचल्यावरही असाच आवाज येतो, म्हणून कानाइतकाच काट्यावर भरवसा ठेवा.

तेल ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिलि, चालेल, परंतु ते चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक तेल असावे आणि प्रमाण ठरल्यावरच जुळवणी करावी. तेल वाढले की त्या मिश्रणातले पेट्रोल तेवढे घटते आणि मिश्रण किंचित लीन होते. इथेनॉलयुक्त पेट्रोल किनाऱ्यावरच्या दमट हवेत ओलावा ओढते, म्हणून आठवड्याला पुरेल एवढेच मिश्रण तयार करावे आणि पावसाळ्यात यंत्र ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी.

प्रतिसाद २

कार्बोरेटरविषयी वर सविस्तर आलेच आहे. मी साखळीविषयी सांगतो, कारण पुढे ढकलायला जोर लागतो हे आपले वाक्य मला त्याहून अधिक खटकले. दापोलीच्या बाजूला ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर पडलेले आंबे आणि फणस आम्ही बराच काळ चिरत होतो, आणि बहुतेक वेळा इंजिन तापण्याचे मूळ बोथट दातांत सापडले.

बाजारात मिळणाऱ्या साखळीच्या दातांचा वरचा कोन आडव्या कापासाठी २५ ते ३० अंश असतो. उभ्या चिरकामाला १० अंश ठेवला, तर फळी अधिक सपाट निघते आणि साखळी कडेला कमी ओढली जाते. कानस आपल्या साखळीच्या वेष्टनावर दिलेल्या व्यासाचीच घ्या. ३/८ पिचला सहसा ५.२ किंवा ५.५ मिमी लागते. सर्व दात सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत, नाहीतर बार एका बाजूला झुकून फळीला लाटा पडतात. दातापुढच्या रेकरची (दात किती खोल शिरावा हे ठरवणाऱ्या उंचवट्याची) उंची दाताहून ०.६५ मिमी कमी असावी. ऐनासाठी ती त्याहून अधिक घासू नये, कारण कठीण लाकडात दात खोल शिरू लागले, की यंत्र अडखळते आणि इंजिनावर ताण येतो. प्रत्येक टाकीनंतर दोन-दोन हात कानस फिरवावी. सालीत अडकलेली माती आणि वाळू आधी कोयत्याने काढून टाकावी, कारण धार जाण्यात तिचाच वाटा सर्वांत मोठा असतो.

फणसाचा चीक बारच्या खाचेत भुशाबरोबर साचून घट्ट होतो आणि तेलाची वाट अडते. दर दिवशी बार काढून खाच खरवडावी, तेलाचे छिद्र मोकळे करावे, कडांवरचा फुगवटा सपाट कानशीने घासावा आणि बार उलटा करून बसवावा. उभ्या चिरकामाचा भुसा पिठासारखा बारीक असतो. तो एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरच्या पंखांमध्ये भरतो, म्हणून दुपारच्या सुट्टीत आवरण उघडून पाहावे. ओंडक्याचे एक टोक उंच करून उताराच्या दिशेने चिरत आल्यास चौकट स्वतःच्या वजनाने सरकते आणि जोर लावण्याची गरज राहत नाही. काप पूर्ण झाल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद गतीवर चालू ठेवावे. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि नाकाला मास्क यांशिवाय हे काम करू नये. वाकून बसल्याने धूर आणि भुसा थेट चेहऱ्यावर येतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पिस्टन गुळगुळीत आहे, याचे समाधान सर्वांत मोठे. क्लीनरच्या फवाऱ्याने कार्बोरेटरजवळील रबरी नळकांड्याच्या खालच्या बाजूला गती स्पष्टपणे बदलली, आणि ते काढून वाकवले तेव्हा केसासारखी चीर दिसली. नवे नळकांडे बसवल्यावर गती रेंगाळणे थांबले, विनाभार गती १२,३०० वर आली आणि स्क्रू थोडा मोकळा करून ती ११,७०० वर ठेवली आहे. साखळी १० अंशांवर घासून घेतली आहे. फणसाची पहिली फळी आरंभापासून शेवटापर्यंत एकाच आवाजात निघाली.

एक अडचण उरली आहे. रुंद कापात बारचे टोक हात लावता येणार नाही इतके तापते, आणि त्या टोकाला साखळी कोरडी दिसते. तेलाचा पंप पूर्ण उघडलेला आहे. टोकाजवळ थेंब-थेंब तेल सोडणारी वेगळी बाटली कोणी बसवली आहे का? बसवली असल्यास नळी कुठे टेकवली, आणि पावसाळी हवेत कोणत्या घट्टपणाचे तेल वापरले, हे कळवल्यास ऐनाला हात लावण्यापूर्वी तीही सोय करून घेईन.